सायकलची चेन का उतरते?

वाटेत चेन उतरली की लेकीची शाळा बुडते. म्हणून आमच्या गटात आम्ही पाना आणि पट्टी ठेवतो, दोष आधी स्वतः पाहतो.

सायकल उभी असताना चेन मधोमध बोटाने उचला. पाऊण इंचाहून जास्त हलली तर ती सैल आहे. मागच्या चाकाचे नट ढिले करून चाक सरळ मागे ओढा, नट आवळा.

तरीही घसरते? चेनच्या २४ कड्या मोजा. नवी चेन बरोबर १२ इंच भरते. एक सूत जास्त भरली तर झिजली, बदला.

पायडल मारून चेन फिरते, पण चाक फिरत नाही? मग दोष फ्रीव्हीलचा.

दोष नेमका सांगता आला, तर दुकानात खर्चही नेमकाच होतो.