जुनी ‘छोटी एसयूव्ही’ घेताय? रंग नंतर, आधी तळ तपासा

पेण, प्रतिनिधी - मुंबई-गोवा महामार्गाचे २०११ मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले आणि खड्डे चुकवीत गाडी हाकणे पेण, नागोठणे, कोलाडच्या रहिवाशांच्या अंगवळणी पडले. जमिनीपासून उंच असलेल्या छोट्या एसयूव्हीची, म्हणजेच ‘कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर’ची ओढ या भागात केवळ रुबाबापोटी नाही. मात्र पेणचा मूर्तिकार असो की रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगार, हिशेब चार-पाच लाखांवर थांबत असेल तर वापरलेल्या गाडीला पर्याय उरत नाही.

अशा शोधात २०१२ मध्ये आलेली रेनॉची डस्टर, २०१३ ची फोर्ड इकोस्पोर्ट, २०१६ ची मारुती विटारा ब्रेझा आणि २०१७ ची टाटा नेक्सॉन ही नावे हमखास पुढे येतात. चौघींचीही जमिनीपासूनची उंची २०० मिलिमीटरच्या आसपास आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे इकोस्पोर्ट स्वस्तात मिळत असली, तरी सुटे भाग व जाणता मेकॅनिक जवळपास आहे का, याची आधी खात्री करावी. डस्टरच्या डिझेल इंजिनाचा टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागावी; तो धावत्या गाडीत तुटल्यास इंजिनाचाच खर्च अंगावर येतो. एप्रिल २०२० नंतरच्या ‘बीएस-६’ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी सलग वेगाने धावावी लागते. घर ते बाजारपेठ एवढीच फेरी असणाऱ्याने पेट्रोलच घेतलेले बरे.

किंमत ठरविताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी २८ टक्के अधिक उपकराऐवजी १८ टक्के झाला. नव्या गाडीचाच भाव उतरला असताना जुन्या गाडीला आधीच्या हिशेबाने पैसे मोजण्याचे कारण नाही.

कोकणातली खरी परीक्षा मात्र गाडीच्या पोटाखाली असते. पावसाळ्याचे चार महिने आणि खारेपाटातील दमट, खारी हवा पत्र्याला सोडत नाही. वरून चकचकीत पॉलिश केलेली गाडी रॅम्पवर चढविली की सायलेन्सर, सस्पेन्शनचे सांधे आणि दारांच्या खालच्या कडा खरे काय ते सांगतात. त्याहून धोकादायक पुरात बुडालेली गाडी. जुलै २००५ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत रायगड जिल्ह्याने पाणी किती चढते ते पाहिले आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहावे, गालिचा उचलून सीटचे बोल्ट तपासावेत, हेडलाइटच्या काचेत ओल साचली आहे का ते बघावे. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर संशय घ्यायला हरकत नाही. नंतर सुकेळी खिंडीचा चढ गाडी कशी चढते, हे स्वतः चालवून पाहावे.

कागदपत्रांत मात्र हयगय नको. पेण व रोहा दोन्ही तालुके पेणच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, ‘एमएच ०६’च्या कक्षेत येतात. थकीत ई-चलन आणि कर्जाचा बोजा ऑनलाइन तपासता येतो. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ हवा. परराज्यातील गाडी स्वस्त दिसते, पण महाराष्ट्राचा रस्ता कर नव्याने भरावा लागतो.

हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. कोऱ्या अर्जावर सही करून मोकळे होण्याची पद्धत विकणाऱ्यालाच गोत्यात आणते. गाडी विकली गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणाऱ्याने विमाही १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर मिळत नाही, तेव्हा हप्त्याची रक्कम त्याप्रमाणे धरावी.