मोबाइलसमोर बोलायला लाज वाटते? मग फोटोला बोलू द्या



बऱ्याच गटांत एकच अडचण ऐकू येते. तिखट, शेवया, सरगुंडे सगळं तयार असतं, पण व्हिडिओ करायचा म्हटलं की "मी नाही, तूच बोल" सुरू होतं. यावर आता एक स्वस्त उपाय आहे, एआय अवतार. आपण फोटो आणि मजकूर द्यायचा. फोटो ओठ हलवत मराठीत बोलतो. डीडी किसान वाहिनीने २६ मे २०२४ ला क्रिश आणि भूमी हे निवेदक आणले, ते असेच एआयचे.

हेजेन, डी-आयडी अशा साइट मोबाइलवरही उघडतात. आधी फुकटात करून बघा. त्यावर कंपनीची छाप येते, वेळेचीही मर्यादा असते, पण आपल्याला एक मिनिट पुरे. खरी मेहनत मजकुराची आहे. बोलता तशीच लहान वाक्यं लिहा. '₹१२०/किलो' असं लिहिलं तर मशीन भलतंच वाचू शकतं, म्हणून 'किलोला एकशेवीस रुपये' असं अक्षरी लिहा. त्याहून सोपं म्हणजे आवाज तुमचाच रेकॉर्ड करून फोटोला जोडा. लाज कॅमेऱ्याची आहे, बोलायची थोडीच! शिवाय आपली नागपुरी बोली मशीनला कुठली जमायला?

पण सगळाच व्हिडिओ अवताराचा करू नका. भाव, ऑर्डरचा नंबर, स्टॉल कुठे लागणार, एवढं त्याला सांगू द्या. मिरची कांडताना, शेवया वळताना तुमचे खरे हातच दाखवा. गिऱ्हाईक त्यावरच विश्वास ठेवतं. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे यूट्यूबवरची 'आपली आजी', स्वतः चुलीपुढे बसून बोलतात म्हणूनच लोक बघतात.

आता जपायचं काय? ज्या ताईचा फोटो, तिची परवानगी ठराव वहीत लिहून सही घ्या. तिच्या तोंडी न विचारता काहीही घातलं तर गावात उत्तर तिलाच द्यावं लागेल. उद्या तुमच्याच अध्यक्षांचा चेहरा "कर्जासाठी पैसे भरा" म्हणताना दिसला, तर आधी त्यांना फोन करा, पैसे नंतर. खरा वाटेल असा एआय व्हिडिओ टाकताना यूट्यूब तसं विचारतं, तिथे 'हो' करा आणि खाली मराठीतही लिहा.

चॅनल गटाच्या ईमेलवरच उघडा. पोराच्या ईमेलवर उघडलं तर तो नोकरीला पुण्याला गेला की चॅनलही पुण्याला! पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे ठेवा.