नव्या मोसमाची गळदोरी

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सरहद्दीवरून गोदावरी वाहते, आणि अंबड तालुक्यातील शहागडासारख्या गावी भाद्रपदातील गढूळ पूर ओसरून पाणी निवळू लागले, की गळ टाकणाऱ्या माणसाचे चित्त आपसूक आढ्याला अडकवलेल्या वेळूच्या काठीकडे वळते. सामग्रीची तजवीज त्यापूर्वीच झालेली बरी. गतसालची नायलॉनची दोरी दोन बोटांच्या चिमटीतून सावकाश ओढावी आणि जेथे खरखर लागेल तेथे ती निःसंकोच तोडावी, कारण रोहू अथवा कटला पहिल्या हिसक्यालाच नेमक्या त्या झिजलेल्या जागेची परीक्षा घेतो. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावे. ते रुतले तर धार शाबूत, घसरले तर कानस हवी. मरळीला बेडूक वा लहान मासळी लागते. मृगळ तळाशी चरणारा, त्याच्यासाठी कणकेचा गोळा तळापर्यंत पोचला पाहिजे.

जागेचा विचार मात्र सर्वांत महत्त्वाचा. १९७६ साली पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाल्यापासून खालच्या पात्रातील पाणी बव्हंशी त्याच्या विसर्गावर अवलंबून असते. म्हणून डोहात उतरण्याआधी विसर्गाची वार्ता घ्यावी, आणि जलाशयावर मासेमारीचा ठेका असेल तर ठेकेदाराची परवानगीही.

रोहू, कटला, मृगळ पावसाळ्यातील पुरातच अंडी घालतात. त्या दिवसांत गाभोळीने पोट फुगलेली मादी गळाला लागली, तर हात ओले करून गळ काढावा आणि तिला पुन्हा पाण्यात सोडावे, ही वाचकांना कळकळीची विनंती.