दोन रोलांमधली फट

तुमसर म्हटलं की बाहेरच्याला मँगनीज आठवतं. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणी तालुक्यातच आहेत. गावाचा रोजचा व्यवहार मात्र धानावर चालतो. राईस मिलचा मालक पाहुण्याला पॉलिशर आणि सॉर्टेक्स हौसेने दाखवतो, पण धानाची साल काढणाऱ्या, धुळीने माखलेल्या शेलरकडे कुणी नेत नाही. खरं तर मिलचा निम्मा हिशेब तिथेच ठरतो.

शेलरमध्ये रबराचे दोन रोल उलट दिशांनी फिरतात. एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा साधारण पंचवीस टक्के जास्त. त्या फरकामुळे दाणा दोन बाजूंनी घासला जातो आणि तूस सुटतं. वेग सारखाच असता तर दाणा नुसता दबला असता. जुन्या लोखंडी हलरमधून भुसा, कोंडा आणि कणी एकत्रच बाहेर पडायची. १९५८ च्या राईस मिलिंग कायद्यानंतर हलरची जागा हळूहळू शेलरने घेतली.

मधली फट धानाच्या जाडीहून कमीच हवी. किती कमी, ते वाण सांगतो. ठोकळ धानाची फट चंद्रपूरच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या एचएमटीला चालत नाही, बारीक दाणा सालीसकट निसटतो.

तपासायचं ते मेन स्विच पाडूनच. मागून टॉर्च धरली की फटीतला उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा दिसला पाहिजे. एकीकडे जास्त दिसला तर रोल तिरपा झिजलाय. दोष बहुधा रोलचा नसतो, वरून धान पूर्ण रुंदीवर सारखं पडत नसतं. मग यंत्र सुरू करून तोंडाशी ओंजळ धरायची आणि शंभर दाणे मोजायचे. दहा-पंधरा सालीसकट निघाले तर ठीक, ते सेपरेटरमधून परत येतात. एकही निघाला नाही तर मात्र फट आवळली गेलीय. तांदूळ तुटतोय आणि रबर विनाकारण खर्ची पडतंय.

मग फट सरळ गेजने का मोजत नाहीत? वाँकेल रोटरी इंजिन उघडणारा मेकॅनिक सीलची फट फीलर गेजने मोजतो. तिथे मिलिमीटरच्या शतांशाचा प्रश्न असतो. शेलरला गेज लावून भागत नाही. रबर दबतं, तापतं, चालता चालता झिजतं.

सरकारी भरडाईत क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो, उकड्याला ६८. कणीलाही मर्यादा असते. म्हणून फटीकडे दुर्लक्ष परवडत नाही.

वेगवान रोल आधी झिजतो. त्याचा व्यास घटला की वेगातला फरक मरतो, मग फट जुळवायचं चाक कितीही आवळा, साल निघत नाही. त्याआधीच दोन्ही रोलांची अदलाबदल करायची. मे महिन्यात उन्हाळी धान येतं तेव्हा रबर आधीच तापलेलं असतं, त्या दिवसांत जाणती मिल नव्या रोलांची जोडी हाताशी ठेवते.