बाळासाहेब खेर: माहेरचे आणि सासरचे

माझं माहेर गिरगावातल्या, एकरकमी पागडी देऊन भाड्याने घेतलेल्या खोलीतलं, सासर लालबागचं, गिरणी कामगारांचं. त्यामुळे बाळ गंगाधर खेर हा माणूस मी दोन तऱ्हांनी ऐकला.

माहेरी ते भाडं गोठवणारे. विल्सन कॉलेजात शिकलेला हा रत्नागिरीचा मुलगा सॉलिसिटर झाला, सत्याग्रहात तुरुंगात गेला आणि 1937 साली मुंबई प्रांताचा पंतप्रधान झाला; मुख्यमंत्र्याला तेव्हा तसंच म्हणत. त्या पदावर काँग्रेसचेच नेते के. एफ. नरिमन यांचा हक्क होता असं म्हणणारे पुष्कळ होते, आणि तो वाद बराच गाजला. 1946 ला खेर पुन्हा सत्तेवर आले. त्यांच्या सरकारच्या 1947 च्या भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं प्रमाण धरलं. युद्धात आणि फाळणीनंतर शहरात माणसं लोटली होती; हा आधार नसता तर आमच्यासारख्यांना गिरगावात कोण ठेवणार होतं? वडील भाडेपावत्या तारेला टोचून ठेवत. आकडा जवळपास तोच. अर्थात त्या भाड्यात मालक जिना दुरुस्त करीना, हेही खरंच.

सासरी मात्र खेरांचं नाव निघालं की ‘काळा कायदा’ आलाच. तो म्हणजे 1938 चा औद्योगिक तंटे कायदा: आधी नोटीस, मग तडजोडीची बोलणी. त्याआधी संप केला तर तुरुंग. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट याविरुद्ध एकत्र आले. 7 नोव्हेंबर 1938 ला गिरण्या बंद पडल्या, पोलिसांनी गोळीबार केला, संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. आजेसासरे त्या सभेत होते आणि खेरांना त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

मला वाटतं, दोन्ही कायद्यांत सॉलिसिटरच दिसतो. भांडण कागदावर आणलं की निम्मं मिटतं, हा त्यांचा विश्वास. घरमालकाच्या बाबतीत तो चालला. पण नोटिशीची मुदत भरेपर्यंत संपवाल्याच्या घरी चूल कशी पेटणार, हे त्यांना कळलं नाही.

पुढे 1952 ते 1954 खेर लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते; त्यांच्या आधी कृष्ण मेनन, नंतर विजयालक्ष्मी पंडित. त्या दोघांच्या मध्ये ते झाकलेच गेले. 1957 साली ते वारले.

खेरांच्या वेळचा तो 1947 चा भाडे कायदा 2000 साली गेला, त्याजागी नवा आला. पागडीच्या भाडेकरूला त्यातही संरक्षण आहे. तेव्हा घरात जुन्या पावत्या असतील तर रद्दीत घालू नका. पुनर्विकासाच्या वेळी त्याच पुढे कराव्या लागतात.