हॉट टबचा सर्क्युलेशन पंप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हॉट टबमधले पाणी रोज बदलले जात नाही. एकदा भरलेले हजार-दीड हजार लिटर पाणी साधारण तीन-चार महिने तेच राहते आणि बहुतेक काळ ३६ ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला असते. इतके कोमट पाणी साठून राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. ते अंगावर घेण्याजोगे ठेवण्याचे काम सर्क्युलेशन पंप करतो. तो टबातले पाणी ओढून फिल्टरमधून नेतो, हीटरवरून फिरवतो आणि पुन्हा टबात सोडतो. पाण्यात टाकलेले क्लोरीन किंवा ब्रोमीन कोपऱ्याकोपऱ्यात पोचते तेही याच फिरण्यामुळे. एवढी कामे करूनही या पंपाबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत.

पहिला गैरसमज असा की, हॉटेलच्या न्हाणीघरातला जेटचा टब आणि गच्चीवरचा किंवा अंगणातला हॉट टब एकच. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले इटालियन जकुझी बंधू विहिरीचे पंप बनवत. घरातल्या एका मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या घरी जलोपचार मिळावेत या धडपडीतून १९५६ मध्ये साध्या टबात ठेवता येईल असा पंप बाजारात आला. १९६८ मध्ये रॉय जकुझी यांनी जेट बसवलेला टब तयार केला. न्हाणीघरातला टब त्या वंशातला. तो प्रत्येक वेळी भरायचा, वापरायचा आणि रिकामा करायचा असतो. त्याचा पंप तेवढ्यापुरता चालतो आणि बहुधा त्याला फिल्टर नसतो. हॉट टबात पाणी मुक्कामाला असते, म्हणून त्याचा पंप माणूस टबात नसतानाही चालावा लागतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावला की तिथेच चूक होते.

जेटचा जोरदार झोत देणारा पंप आणि पाणी फिरवणारा पंप एकच असतो, हेही सरसकट खरे नाही. हॉट टबमध्ये दोन रचना आढळतात. पहिल्या रचनेत फिरवण्यासाठी वेगळा, लहान पंप असतो. त्याची वीज साधारण ४० ते १०० वॉट, आवाज जेमतेम, आणि तो चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेला असतो. यातल्या पुष्कळ पंपांत फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि त्याच पाण्याने बेअरिंगला वंगण मिळते, त्यामुळे दांड्याला सील लागत नाही. दुसऱ्या रचनेत दोन वेगांचा एकच पंप असतो. कमी वेगावर तो पाणी फिरवतो, जास्त वेगावर जेट चालवतो. अशा पंपाला दिवसातून ठरावीक तास नेमून दिलेले असतात. जेटमधून येणारे बुडबुडे मात्र पंप तयार करत नाही. नोझलच्या अरुंद भागातून पाणी वेगाने जाताना तिथला दाब घटतो आणि बाहेरची हवा नळीवाटे आत ओढली जाते.

वेग निम्मा केला की खर्चही निम्मा होतो, असा हिशोब अनेक जण करतात. पण हे पंप सेंट्रिफ्युगल असतात आणि त्यांचे गणित वेगळे आहे. वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, दाब एक चतुर्थांशावर उतरतो आणि लागणारी शक्ती एक अष्टमांश होते. मोटरमधल्या तोट्यांमुळे प्रत्यक्षात बचत इतकी भरत नाही, तरी फरक मोठाच असतो. म्हणूनच ‘चोवीस तास पंप म्हणजे वीजबिलाचा डोंगर’ ही भीती बहुतेक वेळा चुकीची ठरते. ६० वॉटचा लहान पंप दिवसभर चालून दीड युनिटही खात नाही. कमी वेगावर ३०० वॉट घेणारा पंप सहा तास चालला तर १.८ युनिट जातात. तोच पंप २००० वॉटच्या जेटच्या वेगावर सहा तास चालवला तर १२ युनिट. म्हणजे तासांपेक्षा वेग महाग पडतो. शिवाय पाणी सावकाश गेले तर फिल्टरच्या घड्यांमध्ये बारीक कण नीट अडकतात, जोराने ढकलल्यावर त्यांतले काही पार निघून जातात.

सतत चालून मोटर जळते, हा त्याच भीतीचा दुसरा भाग. तासांप्रमाणे बेअरिंग झिजते हे खरे. पण सतत चालण्यासाठी बनवलेल्या मोटरला चालू राहण्याचा त्रास होत नाही. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि वारंवार चालू-बंद करणे तिला जास्त भोवते. खरे शत्रू दोन आहेत: कोरडे चालणे आणि क्षार. सील असलेल्या पंपात त्या सीलला थंडावा आणि वंगण पाण्यातूनच मिळते. पाणी नसताना पंप चालला तर सील काही मिनिटांतच जाऊ शकते. महाराष्ट्रात बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. त्यातले क्षार गरम पाण्यात हीटरवर आणि लहान पंपाच्या फिरत्या भागावर बसतात, आणि एक दिवस पंप अडकून पडतो. टब बोअरच्या पाण्याने भरला जात असेल तर आधी पाण्याची कठीणता तपासावी.

टब नव्याने भरल्यावर पंप नुसता घुमतो आणि पाणी येत नाही, तेव्हा तो बिघडला असे समजून मेकॅनिकला बोलावले जाते. शेतातल्या पंपाशी परिचय असलेल्यांना कारण लगेच कळेल: पंपाने हवा धरलेली असते. सेंट्रिफ्युगल पंप पाणी ढकलू शकतो, हवा नाही. वीज बंद करून पंपाजवळचा जोड किंचित सैल केला आणि हवा निघून पाणी ठिबकू लागल्यावर पुन्हा आवळला, की बहुधा काम होते.

आता मुख्य प्रश्न: पंप रोज किती चालावा? ‘सगळे पाणी एकदा फिल्टरमधून गेले की पुरे’ हे उत्तर वरवर पटण्यासारखे आहे, पण चुकीचे आहे. टब १५०० लिटरचा आणि पंप मिनिटाला ४० लिटर फिरवणारा असेल तर सुमारे ३८ मिनिटांत १५०० लिटर पाणी फिल्टरमधून जाते. याला एक फेरा म्हणतात. पण गाळलेले पाणी परत त्याच टबात मिसळते आणि पंप तेच पुन्हा ओढतो. पूर्ण मिसळते असे धरले तर एका फेऱ्यानंतर सुमारे ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेले असते. दोन फेऱ्यांनंतर ८६, तीननंतर ९५ आणि चारनंतर ९८ टक्के. तेवढ्यात माणसे टबात उतरली तर हिशोब पुन्हा मागे जातो. १५०० लिटरमध्ये चार जण बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३७५ लिटर पाणी येते. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल जलतरण तलावात शंभर जण उतरले तरी वाट्याला ३७५० लिटर येते. घाम, तेल आणि त्वचेचे कण यांचा भार दहापट, आणि वर पाणी गरम. अमेरिकेत सार्वजनिक हॉट टबला साधारण अर्ध्या तासात एक फेरा पूर्ण करण्याचे बंधन घालतात ते यामुळेच.

घरच्या टबात दोन वेगांच्या पंपाला सहसा दिवसातून दोन पाळ्या दिलेल्या असतात, सकाळी दोन तास आणि रात्री दोन तास अशा. वापर बेताचा असेल तर एकूण चार ते सहा तास चालतात. रोज चार-पाच जण उतरत असतील तर आठ तास ठेवणे शहाणपणाचे. सगळे तास एका दमात देण्यापेक्षा विभागून देणे चांगले, कारण पाणी वीस-वीस तास निश्चल राहत नाही. वीज गेली की काही नियंत्रकांतली वेळ पुसली जाते आणि वीज परतल्यापासून पाळी नव्याने मोजली जाते. वारंवार वीज जाणाऱ्या गावात म्हणून वेळापत्रक अधूनमधून तपासावे लागते.

नेमून दिलेल्या वेळेबाहेर पंप मध्येच मिनिट-दोन मिनिटे चालला तर तो बिघाड नसतो. अनेक टबांत तापमापक हीटरच्या नळीत असतो. टबाचे खरे तापमान कळायला पाणी त्या नळीतून वाहावे लागते, म्हणून नियंत्रक पंप थोडा वेळ चालवून पाहतो. पाणी गरम करायचे असेल तर पंप चालावाच लागतो, कारण प्रवाहाशिवाय हीटर सुरू होत नाही. तशी सुरक्षाव्यवस्था केलेली असते. थंड प्रदेशांत पाणी गोठण्याच्या जवळ आले तरी पंप आपोआप सुरू होतो.

उन्हाळ्यात याची उलट तक्रार येते: हीटर बंद असूनही पाणी ठरवलेल्या तापमानाच्या वर चढते. पंपाची ऊब पाण्यात उतरते आणि जाड आवरणाखाली ती बाहेर पडत नाही. कोकणात किंवा विदर्भात मे महिन्यात हे सहज घडते. पंप पूर्ण बंद न करता पाळ्या रात्रीच्या गारव्यात हलवाव्यात आणि झाकण काही वेळ उघडावे. एक लिटर पाण्याची वाफ झाली की १५०० लिटरचा टब अंशाच्या एक तृतीयांशाहून थोडा अधिक थंड होतो. हेच गणित हिवाळ्यात उलटे लागू पडते. पंप बंद ठेवून जितकी वीज वाचवायची, त्याहून जास्त घट्ट झाकणाने वाचते.

पाणी नितळ दिसते म्हणजे स्वच्छ आहे, हा सगळ्यांत धोकादायक गैरसमज. फिल्टर कण अडवतो, जंतू मारत नाही. टबाला जंतुनाशक ओझोनचे यंत्र असले तरी ते पंप चालू असतानाच काम करते आणि ओझोन पाण्यात फार काळ टिकत नाही. त्यामुळे क्लोरीन किंवा ब्रोमीन लागतेच. अमेरिकेच्या सीडीसी संस्थेच्या शिफारशीनुसार हॉट टबमध्ये मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, किंवा ब्रोमीन ४ ते ८ पीपीएम असावे. ते कमी पडले तर त्वचेवर पुरळ उठवणारे स्युडोमोनास आणि न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला हे जंतू नळ्यांच्या आतल्या बुळबुळीत थरात घर करतात. लिजिओनेला जेटच्या तुषारांतून श्वासात जातो.

पंपाच्या ओढीलाही कमी लेखू नये. तळाच्या जाळीचे झाकण तुटलेले असेल तर केस किंवा शरीराचा भाग तिथे अडकू शकतो. अमेरिकेत अशा अपघातात सात वर्षांच्या मुलीचा जीव गेल्यानंतर तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि सार्वजनिक तलाव व टबांत सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. जाळी तडकलेली दिसली तर ती बदलेपर्यंत टबात कोणीही उतरू नये.

लोणावळा, महाबळेश्वर किंवा गोव्यातल्या सुट्टीच्या बंगल्यांत सोमवारी पंप बंद करून शुक्रवारी चालू करण्याची सोय मोहात पाडते. त्या चार दिवसांत क्लोरीन संपते आणि जंतूंना निवांतपणा मिळतो. टब वापरात नसताना पंपाचे तास कमी करता येतात, शून्य करता येत नाहीत. महिनाभर कोणी येणार नसेल तर टब पूर्ण रिकामा करावा, नळ्यांतले पाणी हवेच्या दाबाने काढून टाकावे आणि फिल्टर सुकवून ठेवावा. पुन्हा भरताना पंपातली हवा काढावी, क्लोरीनचा जादा डोस देऊन काही तास पाणी फिरवावे आणि प्रमाण तपासल्यावरच पाहुण्यांना टब खुला करावा.