लाकडावर उमटलेले पांढरे वलय

आमच्या नांदेडच्या घरी दिवाणखान्यात सागवानाचे एक ठेंगणे लेखनमेज आहे. पेढीच्या गादीवर मांडी घालून वह्या लिहिण्यासाठी जसे असे, त्याच घाटाचे. पुढचा भाग उतरता, मागचा वीतभर भाग दौतीसाठी सपाट. त्याचे लाकूड औसा तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या खांबांचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवद खाली आले, पण सागाचे काही खांब शाबूत निघाले. वडिलांनी ते लातूरला आणून चिरून घेतले आणि त्यांतून हे मेज घडवले. गंजगोलाईतल्या दुकानात ते कित्येक वर्षे होते.

गेल्या वर्षी धाकट्या चिरंजीवांनी आवाजी आज्ञेवर चालणारा एक स्मार्ट स्पीकर आणला आणि दौतीच्या जागी ठेवला. पहाटे णमोकार मंत्र, मग भक्तामर, दुपारी बाजारभाव; घराला त्याची सवय जडली. दिवाळीत वहीपूजनासाठी मेज पुसायला घेतले तेव्हा स्पीकरखाली बांगडीएवढे पांढुरके वलय दिसले. सौ.चा पहिला संशय माझ्या चहाच्या पेल्यावर! संशय अगदीच निराधार नव्हता, कारण गरम पेल्याची वाफ पॉलिशमध्ये अडकली की असाच पांढरा डाग पडतो. पण हे वलय बरोबर स्पीकरच्या बुडाच्या मापाचे होते.

शोध घेता कळले की हा अनुभव जगाने आधीच घेतला आहे. ॲपल कंपनीचा होमपॉड हा स्पीकर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलियात विक्रीस आला. किंमत ३४९ डॉलर. आठवडाही झाला नव्हता तोच तेल किंवा मेण लावलेल्या लाकडी मेजांवर तो पांढरी वलये उमटवतो, अशा तक्रारी छापून आल्या. कंपनीचे उत्तर असे होते की, कंपने शोषण्यासाठी सिलिकॉनचे बूड असलेल्या कोणत्याही स्पीकरने काही लाकडी पृष्ठांवर सौम्य खुणा पडणे असामान्य नाही. बूड आणि मेज यांच्यामध्ये तेले झिरपल्याने त्या पडतात आणि स्पीकर उचलल्यावर बहुधा काही दिवसांत जातात. काळजी वाटत असल्यास स्पीकर दुसऱ्या पृष्ठावर ठेवावा, हा वर सल्ला. मोंढ्यातल्या एखाद्या व्यापाऱ्याने हे वाक्य गिऱ्हाइकाला ऐकवून पाहावे! विकतानाच खोक्यावर दोन ओळी छापल्या असत्या तर काय बिघडले असते?

कारण मात्र कंपनीने खरे सांगितले होते, आणि तेलबियांच्या व्यापारात आयुष्य गेलेल्या आपल्या वाचकांना ते चटकन उमजेल. जवसाचे तेल बाटलीच्या तोंडाशी चामट पापुद्रा धरते हे आपण नित्य पाहतो. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणूनच लाकडाला चालते. शेंगदाण्याचे तेल कितीही दिवस ठेवा, असे वाळत नाही. सिलिकॉनच्या रबरात राहून गेलेले सुटे तेल तर मुळीच वाळत नाही. ते हळूहळू बुडाशी येते आणि यंत्राचे वजन व ऊब यांच्या साहाय्याने खालच्या तेलकट किंवा मेणाच्या थरात शिरते. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचा कठीण थर त्याला बराच दाद देत नाही. तेल दिलेले लाकूड मात्र त्याला वाट देते.

आणि आमच्या मेजाला जवसाचेच तेल होते. त्यालाही कारण आहे. त्या काळी चांगल्या सागाला चपड्याचे पॉलिश देण्याची रीत होती. चपडा म्हणजे लाख, आणि लाख म्हणजे झाडाच्या फांदीवर जगणाऱ्या किड्यांचे कवच. ती काढताना असंख्य जीव जातात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य येते ते यासाठीच. वडिलांनी मिस्त्रीला लाख लावू दिली नाही, मधमाश्यांचे मेणही नको म्हणाले, आणि दरवर्षी दिवाळीपूर्वी स्वतः फडक्याने जवसाचे तेल चोळत राहिले. ज्या निवडीचा आम्हाला अभिमान, तिनेच डागाला दार उघडे ठेवले होते.

चिरंजीवांना लगेच नवे पॉलिश करून टाकायचे होते. आम्ही जुन्या नांदेडातील एका वृद्ध पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी वलयावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "शेठजी, घाई करू नका. यावर आत्ता पॉलिश मारले तर ते फाटेल." सिलिकॉनचा अंश राहिला की वरचा थर तेथे बसत नाही, दूर सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. सँडपेपर घासला तर तो अंश आणखी पसरण्याचीच भीती. खांबाचे ते लाकूड रंधून पातळ करण्याची कल्पनाही मला सोसवली नसती.

म्हणून आधी आठ दिवस मेज नुसते उघडे ठेवले. मऊ कोरड्या फडक्याने रोज पुसले. वलय निम्मे फिके झाले. मग मिस्त्रींनी टर्पेंटाइनमध्ये किंचित भिजवलेले फडके फिरवले, आणि प्रत्येक वेळी नवे फडके घेतले, कारण तेच फडके पुन्हा वापरल्यास उचललेले तेल परत लाकडात जाते. ही बाब नीट लक्षात ठेवावी. खिडक्या उघड्या होत्या आणि जवळ निरांजन नव्हते, हेही सांगून ठेवतो. चार दिवसांनी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला. तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ते तापतात आणि पेटूही शकतात. आमच्याकडे ते दोरीवर पसरून वाळवले.

ज्यांच्या घरी देव्हारा, चौरंग किंवा जुनी पेटी तेलावर वा मेणावर राखलेली आहे, त्यांनी स्पीकरच नव्हे, रबरी पायांचे कोणतेही यंत्र त्यावर थेट ठेवू नये. आम्ही प्रथम स्टीलची ताटली ठेवून पाहिली, पण भक्तामरातील मंद्र स्वरांबरोबर तीही गुणगुणू लागली. शहाबादी फरशीचा तुकडा सुचला होता. परंतु सच्छिद्र दगडही तेल पितो. शेवटी जाड काचेचा चौकोन कापून आणला.

तिरप्या उन्हात पाहिले तर वलयाचा एक चतुर्थांश भाग अजून दिसतो. यंदाच्या दिवाळीत वही त्याच मेजावर उघडली, आणि तेल चोळण्याचे काम चिरंजीवांनी मागून घेतले.